दुखण्याची पट्टी आणि दिवसभराची झोप

पत्र : डॉक्टर, नमस्कार. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दिवाळीत अंगणात घसरून बसत्या पडल्या आणि मणक्याला फ्रॅक्चर झालं. हाडं ठिसूळ झालीत म्हणाले. गुडघे तर आधीपासूनच गेलेले. किडनीचा रिपोर्ट थोडा वर आला म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या बंद करून सात दिवसांची पट्टी लिहून दिली. आधी ५ ची होती, फरक पडेना म्हणून आता तीन आठवडे १० ची आहे. दुखणं कमी आहे, पण आई दिवसभर झोपूनच असतात. घास तोंडात धरून पेंगतात. घोरणं मध्येच थांबतं आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेतात. शौचाला चार-चार दिवस होत नाही. परवा रात्री मला वन्संच्या नावाने हाक मारली आणि ‘कोपऱ्यात कोण उभं आहे’ म्हणून विचारलं. आमचे हे म्हणतात, वय झालं. झोपेची अर्धी गोळी त्या कित्येक वर्षं घेतात. पायाच्या मुंग्यांसाठी रात्री एक कॅप्सूल आहे, शिवाय बीपीची गोळी. थंडी आहे म्हणून रोज रात्री गरम पाण्याच्या पिशवीने पाठ शेकून देते. मोठ्या वन्संचे यजमान मागच्या वर्षी कॅन्सरने गेले. त्यांच्या तीन दिवसांच्या, २५ च्या पट्ट्या घरात तशाच पडून आहेत. ‘या भारी आहेत, फुकट घालवण्यापेक्षा आईला लाव’ असं त्या म्हणतात. लावू का? आणि या पट्टीची सवय तर लागणार नाही ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुम्ही विचारलेत दोन प्रश्न, पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं घोरण्याचं वाक्य. ते छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. इथे सविस्तर लिहिते, कारण अशी पट्टी लावलेली आजी किंवा आजोबा आता बऱ्याच घरांत आहेत आणि घरच्यांना त्या पट्टीत नेमकं काय आहे ते बहुतेक वेळा कोणी सांगितलेलं नसतं.

वन्संच्या पट्ट्या लावायच्या नाहीत. एकही नाही, अर्धी कापूनही नाही. त्याचं कारण पुढे येईलच. आधी आईंचा श्वास.

त्या गाढ झोपलेल्या असताना, हात न लावता, हाक न मारता, छातीवरचं पांघरूण किती वेळा वर येतं ते घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मध्येच थांबणारा श्वास त्या हिशेबात निसटतो. १२ ते २० च्या दरम्यान असेल तर ठीक. १० च्या खाली गेला तर डॉक्टरांना तेव्हाच फोन, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. ८ च्या आसपास किंवा त्याहून कमी, ओठ किंवा नखं निळसर, घशातून घरघर, हलवूनही धड डोळे उघडत नाहीत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, यातलं एक जरी दिसलं तरी पट्टी ओढून काढा, १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत त्यांना कुशीवर वळवून ठेवा. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी पाजून गुंगी उतरवायला जाऊ नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेलं पोटात न जाता श्वासनळीत जातं. कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहेत, पण त्यावर ९५ दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. या औषधांत गुंगी आधी वाढते, श्वास मग मंदावतो. म्हणून माणूस किती सहज जागा होतो याकडे आकड्यापेक्षा जास्त लक्ष हवं.

आई हाकेला उठतात, बोलतात, चहा घेतात, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. म्हणजे आजच घाबरून पट्टी उपटायची वेळ नाही, पण ‘पुढच्या तारखेला दाखवू’ म्हणण्याचीही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं, असं ते दुखणं आहे.

आता पट्टीबद्दल. आपल्याकडे पाठ धरली की बेलाडोनाचं प्लास्टर लावायची जुनी रीत. पुढे मेंथॉलच्या वासाच्या पट्ट्या आल्या, मग डायक्लोफेनॅकच्या. त्यामुळे पट्टी म्हटलं की ती जिथे चिकटवली तिथलंच दुखणं ओढून घेते, बाकी अंगाला काही करत नाही, अशी समजूत पक्की झाली आहे. तुमच्या आईंना दिलेली पट्टी त्या घराण्यातली नाही. सात दिवसांची आणि ५, १०, २० अशा आकड्यांत मिळणारी पट्टी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. वन्संकडची तीन दिवसांची, ती फेंटानिल. दोन्ही मॉर्फिनच्या, म्हणजे अफूच्या कुळात मोडणारी औषधं. ती पाठीवर लावली काय नि दंडावर लावली काय, पाठीच्या मणक्यापर्यंत कातडीतून जात नाहीत. कातडीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात. तिथे वेदना दबते, आणि श्वास चालू ठेवणारं केंद्रही त्याच मेंदूत आहे.

पट्टीतलं औषध आधी कातडीत साचतं आणि तिथून सावकाश रक्तात उतरतं. ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी पहिल्यांदा लावल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला साधारण तीन दिवस लागतात. ‘काल लावली, आज फरक नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत. तिसऱ्या दिवशी दोन्ही एकदम भरात येतात. आणि उतरणंही तसंच सावकाश. पट्टी काढल्यावर रक्तातलं ब्युप्रेनॉर्फिन निम्म्यावर यायला सुमारे १२ तास जातात, फेंटानिलला १७ किंवा त्याहून जास्त. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच राहतो, तसं. म्हणून पट्टीमुळे गुंगीत गेलेल्या माणसाला रुग्णालयात नेल्यावर ‘पट्टी काढली, आता घरी जातो’ म्हणायचं नसतं. नॅलोक्सोन नावाचा उतारा तिथे देतात, पण तो पट्टीच्या मानाने लवकर ओसरतो, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. ब्युप्रेनॉर्फिनवर तर नेहमीपेक्षा जास्त मात्रा लागते. एक रात्र देखरेखीखाली काढावीच लागते.

तुमच्या हाडांच्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. किडनीचा रिपोर्ट वर असलेल्या, बीपीची गोळी घेणाऱ्या ७८ वर्षांच्या बाईला डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने देणं जास्त धोक्याचं होतं. मॉर्फिनच्या कुळात किडनीला त्यातल्या त्यात झेपणारं औषध ब्युप्रेनॉर्फिनच. सुरुवातही त्यांनी सगळ्यात कमी मात्रेने केली. घोटाळा झाला आहे तो त्यांच्या टेबलापर्यंत न पोचलेल्या गोष्टींत.

झोपेची अर्धी गोळी. ती कुटुंबाच्या जुन्या डॉक्टरांनी कधीतरी लिहून दिलेली असणार आणि आता ती औषध म्हणून कोणाच्या लक्षातही राहिलेली नाही. ‘काय औषधं चालू आहेत’ असं विचारलं की आपण बीपी आणि शुगर सांगतो. झोपेची गोळी सांगत नाही, कारण ती आजाराची नाही. ही बहुतेक अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या जातीची असणार. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये या जातीची गोळी आणि मॉर्फिनच्या कुळातलं औषध एकत्र घेण्याविरुद्ध वेष्टणावर चौकटीतला इशारा छापायला लावला, तो इशाऱ्यांतला सगळ्यात कडक प्रकार. दोन्ही औषधं एकाच दिशेने, श्वास मंदावण्याच्या दिशेने, ओढतात.

मग पायाच्या मुंग्यांची कॅप्सूल. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण रात्रीची आणि मुंग्यांसाठीची म्हणजे बहुधा प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन. ही दोन्ही शरीराबाहेर जातात ती किडनीतून. म्हणजे बघा, किडनीला जपायचं म्हणून गोळ्या थांबवून पट्टी दिली आणि त्याच थकलेल्या किडनीमुळे कॅप्सूल मात्र अंगात साचत राहिली. म्हाताऱ्या माणसांत आणि मॉर्फिनच्या कुळातल्या औषधांबरोबर या कॅप्सूलने श्वास मंदावतो, असा इशारा त्याच प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. किडनीच्या रिपोर्टप्रमाणे तिची मात्रा कमी करावी लागते, आणि ते त्या डॉक्टरांनी करायचं तर त्यांना रिपोर्ट दिसायला हवा. आपल्या घरांत तीन डॉक्टरांच्या तीन फायली असतात आणि त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत.

आणि गरम पाण्याची पिशवी. ती तुम्ही मायेने देता, म्हणून सांगताना वाईट वाटतं, पण पट्टी अंगावर असेपर्यंत ती बंद. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि सात दिवसांत सावकाश जायचं औषध भराभर आत जातं. पट्टी दंडावर आणि पिशवी कमरेला असेल तर धोका कमी, पण पेंगणारं माणूस पिशवीवर कुशी बदलतं आणि कोणाला कळत नाही. विजेवरचा शेकायचा पट्टा, इलेक्ट्रिक ब्लँकेट, पाठीवर ओतलेलं कढत पाणी, भर उन्हात बसणं, सगळ्याला तोच नियम. फिजिओथेरपीला जात असाल तर तिथे पहिल्याच दिवशी सांगा, कारण पाठदुखीला तिथे सर्रास हॉट पॅक किंवा दिव्याचा शेक देतात. तापाचंही तेच. फेंटानिलच्या बाबतीत हिशेब असा मांडलेला आहे की अंगात ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ ताप असेल तर रक्तातलं औषध सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतं. पट्टी लावलेल्या म्हाताऱ्या माणसाला चांगला ताप भरला की ताप कसला आहे ते पाहण्याबरोबरच गुंगी वाढते आहे का, हेही पाहायचं.

‘वय झालं’ हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. नावं चुकणं आणि कोपऱ्यात माणूस दिसणं हे तीन आठवड्यांत सुरू झालं असेल तर ते म्हातारचळ नाही, डिमेन्शियाही नाही. विस्मरणाचा आजार असा तारीख-वार धरून येत नाही. हा भ्रम आहे आणि त्याची कारणं शोधली तर बहुतेक वेळा सापडतात. औषधं हे एक कारण. रक्तातलं सोडियम उतरणं हे दुसरं, बीपीच्या काही गोळ्यांनी ते उतरतं. लघवीतला जंतुसंसर्ग हे तिसरं. आणि चार-चार दिवस साठलेला मळ हेही एक कारण असू शकतं, हे घरात कोणाच्या डोक्यात येत नाही. आतडं गच्च भरलं की म्हातारं माणूस अस्वस्थ होतं, बडबडतं, लघवीही तुंबते. पोटाला हात लावून बघा, ओटीपोट फुगून टणक लागतं का. लागलं तर त्याच दिवशी दाखवा.

बद्धकोष्ठावर तुम्ही बहुतेक रात्री इसबगोल देत असाल, सगळेच देतात. या औषधांच्या बद्धकोष्ठाला तो उपाय नाही. मॉर्फिनच्या कुळातली औषधं आतड्याची हालचालच मंद करतात. वरून भुशाचा गोळा वाढवला आणि पाणी कमी प्यायलं तर तोच गोळा अडकून बसतो. इथे आतडं हलवणारं औषध लागतं, सेन्ना किंवा बिसाकोडिल, जोडीला लॅक्ट्युलोजसारखं मळ मऊ करणारं. खरं तर ते पट्टीच्या पहिल्या दिवसापासूनच चिठ्ठीवर हवं, कारण या औषधांची मळमळ काही दिवसांत जाते, गुंगीही थोडी सरावते, पण बद्धकोष्ठ जात नाही. आणि पडणं सांभाळा. पेंगत उठून रात्री बाथरूमला जाणारी, ठिसूळ हाडांची बाई दुसऱ्यांदा पडली तर या वेळी खुबा मोडेल. रात्रीपुरता पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. ‘मी अजून एवढी झाले नाही’ असं त्या म्हणतील. म्हणू द्या.

आता वन्संच्या पट्ट्या. फेंटानिल २५ म्हणजे तासाला २५ मायक्रोग्रॅम. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं. पण ढोबळमानाने ही एक पट्टी म्हणजे रोज तोंडावाटे ६० मिलिग्रॅम मॉर्फिन, आपल्याकडच्या १० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, रोजच्या रोज, तीन दिवस. आईंची सध्याची १० ची पट्टी त्याच मापात साधारण २४ मिलिग्रॅमला बसते, आणि तेवढ्यावरच त्यांची ही अवस्था आहे. वन्संच्या यजमानांना ती सोसली, कारण त्याआधी त्यांचं शरीर मॉर्फिनला सरावलेलं असणार. कॅन्सरमध्ये आधी मॉर्फिनच्या गोळ्यांवर मात्रा ठरवतात आणि मगच पट्टीवर आणतात. जे आधीपासून रोज तेवढ्या ताकदीचं औषध घेत नाहीत त्यांना फेंटानिलची पट्टी लावूच नये, असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. तरीही गुडघ्याला, पाठीला, शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्याला ती लावली गेली, माणसं दगावली, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००५ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये इशारे द्यावे लागले. ब्रिटनच्या औषध नियामकानेही सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की कॅन्सर नसलेल्या दुखण्यात, ज्यांनी आधी अशी औषधं घेतलेली नाहीत त्यांना, फेंटानिलची पट्टी लावायची नाही.

फेंटानिलचं आणखी एक आहे. ते यकृतात ज्या वाटेने मोडतं तीच वाट अडवणारी बरीच औषधं आपल्याकडे सहज दिली जातात. नायट्यावर महिना-महिना चालणारी इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, छातीच्या संसर्गाला क्लॅरिथ्रोमायसिन, हृदयाची किंवा बीपीची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल. पट्टी तीच, आकडा तोच, पण नायट्याची गोळी सुरू झाली की रक्तातलं औषध वाढत जातं. घरात ज्यांना खरोखर फेंटानिल लागतं, त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

त्या उरलेल्या पट्ट्यांचं काय करायचं? फेंटानिल आपल्याकडे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. १९८५ च्या त्या कायद्याने मॉर्फिनसुद्धा इतकं दुर्मिळ करून ठेवलं की कॅन्सरचे रोगी वर्षानुवर्षं तळमळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांतून ही औषधं मिळणं थोडं सोपं झालं. ते सोपं राहावं असं मला फार वाटतं. कॅन्सरच्या कळांमध्ये, गोळी गिळता येत नसलेल्या माणसाला या पट्टीने दिलेली झोप मी पाहिली आहे आणि तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण एकाच्या नावावर दिलेली पट्टी दुसऱ्याला लावणं कायद्यात बसत नाही आणि औषधशास्त्रात तर मुळीच नाही. ज्या रुग्णालयातून त्या आणल्या तिथेच खोका परत द्यावा. वन्संना ‘नको’ म्हणणं तुम्हाला जड जात असेल, धाकट्या वहिनीने मोठ्या नणंदेला कसं सांगायचं. तर माझं नाव पुढे करा, डॉक्टरांनी सक्त मनाई केली म्हणून सांगा. आणि जमलं तर परत करायला तुम्हीच त्यांच्याबरोबर जा. मागच्या वर्षी गेलेल्या माणसाचं औषधांचं कपाट अजून रिकामं झालेलं नाही, याचा अर्थ ते काम एकटीने होत नाहीये.

घरात नातवंडं आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर वापरलेली पट्टीही तितकीच धोक्याची समजा. तीन दिवस लावून काढलेल्या फेंटानिलच्या पट्टीत पाव हिश्शापासून ते कधी कधी तीन चतुर्थांशाहून जास्त औषध शिल्लक असतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ पासूनच्या २६ नोंदी तपासल्या. मुलांनी पट्टी तोंडात घातलेली किंवा अंगाला चिकटलेली. त्यांतली दहा मुलं गेली आणि निम्म्याहून जास्त मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. आजीजवळ झोपलेल्या बाळाला तिच्या दंडावरची सुटलेली पट्टी चिकटू शकते. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन घट्ट दुमडायची आणि लगेच संडासात टाकून पाणी ओतायचं, असं तिकडे सांगतात. ते पटत नसेल तर दुमडून तिच्याच पाकिटात घालून कुलपात ठेवा आणि परत द्या. केराच्या डब्यात उघडी नको. घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यांच्याही तोंडी लागते. हाताळून झालं की हात नुसत्या पाण्याने धुवायचे.

बाकी काळजी थोडक्यात. नवी लावायच्या आधी जुनी काढायची, आणि काढलेली दिसेपर्यंत नवीचं पाकीट फोडायचं नाही. काही पट्ट्या कातडीच्या रंगाच्या किंवा पारदर्शक असतात, सुरकुत्यांत दिसतही नाहीत. अंघोळ घालताना पाठ, दंड, छाती नजरेखालून घाला. लावल्याचा वार भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा. जागा दर वेळी बदला. ब्युप्रेनॉर्फिनसाठी तीच जागा तीन आठवडे पुन्हा नाही. अंगाला तेल लावलेलं असेल तर पट्टी धरत नाही, आणि साबणाने खसाखसा पुसूनही लावायची नाही, साध्या पाण्याने पुसून कोरडी करायची. पट्टी महाग आहे म्हणून अर्धी कापणं किंवा सातची दहा दिवस ठेवणं, दोन्ही नाही. आणि शेजारी डायक्लोफेनॅकची पट्टी लावू नका. दुकानात दोन्ही ‘दुखण्याची पट्टी’ म्हणूनच ओळखल्या जातात, पण किडनीसाठी जे बंद केलं तेच पुन्हा कातडीतून सुरू होतं. ब्युप्रेनॉर्फिन हे एच-१ या कडक नियमांच्या यादीतलं औषध आहे, खोक्यावर लाल चौकट असते, आणि केमिस्टला डॉक्टरांचं नि रोग्याचं नाव वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. तुमच्या ‘मेडिकल’मध्ये चिठ्ठी न बघता नुसत्या ओळखीवर देत असतील तर ती सोय समजू नका.

सवय लागेल का? व्यसन लागून आई चोरून पट्ट्या लावतील, अशी भीती त्यांच्या बाबतीत मला वाटत नाही. पण काही आठवड्यांत शरीर औषधाला सरावतं, आणि एकदम बंद केलं तर घाम, जांभया, नाक वाहणं, जुलाब, जीव कासावीस होणं आणि उसळून आलेलं दुखणं, असं दोन-चार दिवस होऊ शकतं. म्हणून श्वासाचा धोका नसेल तर १० वरून ५, मग बंद, असं डॉक्टर उतरवतील. झोपेच्या गोळीचं तर याहून सांभाळून. वर्षानुवर्षांची ती गोळी माझं हे उत्तर वाचून आज रात्रीच बंद करू नका. त्याने झटके येऊ शकतात. दोन्हींतलं काय आधी कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील.

पट्टी उतरवली तर दुखण्याचं काय, हे तुम्ही विचारणारच. ठिसूळ हाडाचा मणका दबल्याची तीव्र कळ बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. तुमच्या आईंचे ते आठवडे होत आले आहेत, म्हणजे १० ची पट्टी आता ज्या दुखण्यासाठी आहे ते कदाचित पूर्वीएवढं उरलेलंही नसेल. हाडांच्या ठिसूळपणावर वेगळे उपचार आहेत, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शनही आहे, पण त्यासाठी किडनी आणि ड जीवनसत्त्व बघावं लागतं. पुढचा मणका दबू नये म्हणून ते पट्टीपेक्षा महत्त्वाचं, आणि त्याची चिठ्ठी झाली आहे का ते विचारा. गुडघ्यांसाठी म्हणाल तर उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेने २०२२ च्या सूचनांत झिजेच्या दुखण्याला तीव्र ओपिऑइड, म्हणजे याच मॉर्फिनच्या कुळातली औषधं, देऊ नयेत असं सांगितलंय. २०१८ मध्ये अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यांत पाठदुखी आणि गुडघे-खुब्याची झीज असलेल्या २४० जणांना वर्षभर दोन गटांत औषधं दिली होती, एका गटाला ओपिऑइड आणि दुसऱ्याला ओपिऑइड नसलेली. ओपिऑइडच्या गटाची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा सुधारली नाही, दुखण्यात तर दुसराच गट किंचित सरस ठरला. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, जास्त दुखतो त्याच्या उलट हातात काठी, बेताचं पॅरासिटामॉल आणि गरज पडल्यास सांध्यात एखादं इंजेक्शन, हे सगळं कंटाळवाणं आहे. पण त्याने कोणी झोपेत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

डॉक्टरांकडे जाताना तिन्ही फायली, किडनीचा रिपोर्ट आणि पट्टीचा खोका घ्या, आणि आईंच्या उशाशी असलेली गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी उचला. नावं वाचून दाखवत बसू नका. पिशवी टेबलावर रिकामी करा. श्वास मोजलेत तो आकडा, कुठल्या वेळी मोजला, शेवटचं शौचाला कधी झालं आणि शेक कधी बंद केला, हे एका कागदावर लिहून न्या. सोडियम आणि लघवीची तपासणी करायची का, ते विचारा. आणि त्या दिवशी यजमानांनाही बरोबर घेऊन जा.